विवेकी स्वार्थ आणि अनोळखी माणसाचे रक्त

संपादक महाशय,

‘विवेकनिष्ठ स्वार्थ हीच माणसाची खरी नीती’ या मताच्या बाजूने गेले काही दिवस आपल्या सदरात तरुण वाचकांची पत्रे येत आहेत. त्यांतील अनेकांवर स्वार्थालाच सद्गुण मानणाऱ्या अमेरिकन लेखिका आयन रँड यांच्या विचारांचा प्रभाव दिसतो, आणि त्यांची तळमळ खरी आहे. दुसऱ्यासाठी झिजण्याचा उपदेश आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या केला गेला आणि त्याचा लाभ बहुधा उपदेश करणाऱ्यांनाच झाला. आपल्या आईचे आयुष्य असे खर्ची पडताना ज्या मुलीने पाहिले, तिला ‘माझे आयुष्य माझे आहे’ या विचाराने बळ मिळाले तर त्यात गैर काहीच नाही. कोणाकडूनही त्याग हक्काने मागून घेता येत नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र हे पत्रलेखक तेथे थांबत नाहीत. परक्या माणसासाठी मोबदल्याविना काही करणे याला नीतीच्या दृष्टीने विशेष मोल नाही, असेही ते मानतात. रक्तदान शिबिरांच्या कामात अनेक वर्षे असल्यामुळे हे मत मी त्या कामाच्या कसोटीवर लावून पाहतो आणि तेथे ते टिकत नाही.

आपल्या देशात एके काळी रक्त उघडपणे विकले जात असे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर पूर्ण बंदी आली. वरवर पाहता तो व्यवहार दोन्ही बाजूंच्या संमतीचा होता. एकाला पैसे हवे होते, दुसऱ्याला रक्त. मग आक्षेप कशाला होता? आज रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तरीही संसर्ग झाल्यानंतरचा काही काळ असा असतो की विषाणू रक्तात असूनही चाचणीत सापडत नाही. त्या काळात रुग्णाचे संरक्षण एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे रक्त देण्यापूर्वी विचारलेल्या आरोग्याविषयीच्या प्रश्नावलीला दात्याने दिलेली खरी उत्तरे. रक्त विकायला आलेल्या माणसाने खरे सांगितले तर त्याला परत पाठवले जाणार आणि त्याचे पैसे बुडणार. म्हणजे खरे बोलण्याची किंमत त्याने मोजायची आणि लाभ मात्र कधीही न भेटणाऱ्या कोणाला तरी व्हायचा.

यावर विवेकी स्वार्थाचे समर्थक म्हणतील की दूरदृष्टीचा माणूस खोटे बोलत नाही, कारण खोटेपणा शेवटी त्याच्याच अंगाशी येतो. बाजारपेठेत, कचेरीत, शेजारपाजारी हे पुष्कळ अंशी खरे आहे, कारण तेथे माणसे पुन्हा पुन्हा भेटतात आणि नाव खराब होते. परंतु रक्ताच्या पिशवीवर दात्याचे नाव नसते. ती कोणाला दिली गेली हे त्याला कळत नाही, आणि महिन्यांनी कोणी आजारी पडले तर दोष त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. तरीही तो खरे बोलणार असेल, तर त्यामागे त्या अनोळखी रुग्णाचे काय होईल याची काळजी असली पाहिजे. ही काळजी एकदा मान्य केली की केवळ स्वहितावर उभारलेली नीती पुरी पडत नाही, हे मान्य करावे लागते.

रक्तदात्यालाही समाधान मिळतेच, तेव्हा तोही एक प्रकारे स्वार्थच, असा युक्तिवाद एका पत्रात आहे. हा युक्तिवाद जुना आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाचा, म्हणजे बाह्य सुखदुःखावरून नीती ठरवणाऱ्या मताचा, विचार करताना चार्वाकाच्या उघड स्वार्थापासून इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या दूरदर्शी स्वार्थापर्यंत आणि तेथून पुढे एकेक पायरी तपासली आहे. परोपकारालाही स्वार्थाचेच रूप मानणारे हे मत त्यांना पटले नाही, आणि केवळ बाह्य परिणामांच्या बेरजेवर नीती ठरवण्याचा मार्गही त्यांनी पुरा मानला नाही. कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. मला यात एवढेच जोडायचे आहे की समाधान मिळते ते दुसऱ्याचे बरे व्हावे असे आधी वाटत असते म्हणून. ज्याला त्या रुग्णाचे काहीच वाटत नाही, त्याला सुई टोचून घेण्यात समाधान कोठून मिळणार?

स्वहिताचा हिशेब जेथे सर्वांत चोख बसावा, असेही एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि अशा माणसाला त्याच गटाचे रक्त चालते. आज मी दिले तर उद्या मला कोणी देईल, हा विचार येथे अगदी वाजवी आहे. तथापि काटेकोर हिशेबी माणूस या गटाच्या दात्यांच्या यादीत नाव ठेवील आणि रात्री-अपरात्री फोन आला की दुसरा कोणी जाईल म्हणून थांबेल, कारण तो गेला नाही म्हणून पुढे त्याला रक्त नाकारले जाणार नाही, हे त्याला ठाऊक असते. या गटाचे दाते शेकडो किलोमीटर प्रवास करून परगावच्या रुग्णाला रक्त देतात, म्हणूनच ही व्यवस्था चालते.

अमेरिकेत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, पैसे देऊन घेतला जातो आणि त्यापासून बनलेली औषधे जगभर जीव वाचवतात, हे मी नाकारत नाही. मात्र त्या औषधांवर विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया होते; थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला दर काही आठवड्यांनी ज्या तांबड्या पेशी द्याव्या लागतात, त्यांवर तशी प्रक्रिया अजून नेहमीच्या वापरात नाही. त्या मुलाची भिस्त दात्याच्या सचोटीवरच राहते.

म्हणूनच शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या भेटवस्तूंची मला मनापासून चिंता वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालये बंद असतात, रक्ताचा तुटवडा भासतो आणि संयोजक दात्यांना ओढून आणण्यासाठी वस्तूंची जाहिरात करतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण वस्तू जितकी मोठी, तितका दात्याला आपला आजार लपवण्याचा मोह मोठा. आपल्या वृत्तपत्राने शिबिरांच्या बातम्या देताना भेटवस्तूंचा उल्लेख गाळावा आणि त्याऐवजी कोणत्या व्यक्तींनी रक्त देऊ नये, याची माहिती ठळकपणे छापावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा