धाकटीच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जो भेटेल त्याला तुमच्याबद्दल सांगत सुटलोय, तेव्हा लिहूनही सांगतो.

थोरल्या नातवाचे डोळे सकाळी सुजायचे आणि लघवी चहाच्या रंगाची व्हायची. आधी ज्यांच्याकडे नेलं त्यांनी मान वर न करता ‘ॲलर्जी’ म्हणून सिरप लिहून दिलं. लघवीचं म्हटलं तर, बीट खाल्लं असेल! पावसाळ्यात डास चावलेलं खाजवून त्याच्या गुडघ्यांवर पिवळ्या खपल्यांचे फोड आले होते, ते विचारलंच नाही. बीपी? ‘एवढ्या पोराचं कशाला?’ अजून संताप होतो.

तुम्ही आधी फोडांचंच विचारलंत. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा धरला तर १ ते ३ आठवड्यांनी, कातडीवर फोड आले तर ३ ते ६ आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. जंतू मूत्रपिंडात शिरत नाहीत, त्यांच्याशी लढताना शरीरात जे तयार होतं ते तिथल्या गाळणीत अडकतं. हे सगळं तुम्ही मला चित्र काढून समजावलंत. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, हे आधी सांगितलंत म्हणून बाकीचं ऐकू आलं.

पण मला सांगायचंय ते धाकटीचं. घरी कुणी नव्हतं म्हणून ती बरोबर आली होती. आम्ही उठलो आणि तुम्ही थांबवलंत, ‘आजोबा, हिलाही फोड आले होते का?’ आले होते. तिचा केस पेपर नव्हता, बाहेर रांग होती. बीपीचा पट्टा बघून ती रडवेली झाली, तर तुम्ही तो स्वतःच्या दंडाला बांधून रबरी फुगा तिच्या हातात दिलात. दाब, म्हणालात. ती दाबत राहिली, हसली. मग मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर बीपी कमी दाखवतो म्हणून स्वतः आत जाऊन लहान मुलांचा पट्टा शोधून आणलात. बीपी वाढलेलं निघालं. लघवी दिसायला स्वच्छ होती, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र रक्तपेशी सापडल्या. जंतू घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि भावंडांत हे दुखणं काही न जाणवताही असतं, हे तुम्ही विचारलं नसतंत तर आम्हाला कुठून कळणार होतं?

माणुसकी अजून आहे हो या गावात. मीठ बंद होतं तेव्हा शेजारच्या बेन पोरांना एकटं वाटू नये म्हणून स्वतःही आमच्याकडे बसून अळणी खिचडी खायच्या.

आता दोघांचं बीपी औषधाशिवाय नीट आहे, थोरल्याचं सी-थ्रीही, म्हणजे या दुखण्यात रक्तात कमी होणारं ते प्रथिन, पूर्ववत झालं. रक्तपेशी आणखी काही महिने दिसू शकतात असं तुम्ही बजावलंय, म्हणून पुढच्या तपासणीला दोघांना घेऊन येतोच. समोर आल्यावर मला बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र आधी.

तुमचा ऋणी,
दोघांचा आजोबा
वडोदरा