यादीत तुझं नाव होतं

मिरज,
रविवार, दुपार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे जमणार नाही म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर तू "बोल ना आई, पटकन" म्हणतेस, आणि मग सांगायचं ते बाजूला राहून गाडी तुझ्या बाबांच्या शुगरवर येते.

१९ जानेवारीला खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल तू तिकडे बघितलीस, मी इकडे. दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं लोळवलं. कप्तान आपल्या महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. मुलांनीही त्याच दिवशी कप जिंकला, त्यांचा कप्तान प्रतीक वाईकरही आपलाच. (सगळा खेळ मॅटवर, मातीचा कण नाही. मला ते जरा कोरडंच वाटलं.) रात्री तुझा फोन आला. "आई, तो सूर बघितलास का?" म्हणत किती हसलीस! आणि मग अगदी सहज म्हणालीस, "आपण काय त्या लेव्हलचे नव्हतोच गं. दहावीतच कळलं ते, बरं झालं."

मी "हं" म्हटलं. ते "हं" अजून घशात अडकलंय.

मुक्ता, दहावीत तुला जे कळलं ते मी सांगितलेलं होतं, आणि ते खोटं होतं. यादीत तुझं नाव होतं.

डिसेंबर २०१५. तू क्लासला गेली होतीस. संध्याकाळी तुझे खो-खोचे सर सायकलवरून घरी आले. चहा ठेवला तरी खुर्चीवर टेकेनात. खिशातून घडी घातलेला संमतीपत्राचा कागद काढला. दहा दिवसांचं शिबिर, पुण्याजवळ, त्यानंतर राज्याच्या संघाची निवड. "जिल्ह्यातून तीन मुली आहेत, आणि पहिलं नाव आपल्या मुक्ताचं," म्हणाले. 'आपल्या' म्हणाले. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हेही त्यांनी सांगितलं. आईबापांना कशाची भाषा कळते हे त्यांना पाठ झालेलं असणार.

मी म्हणाले, "तिलाच आता नकोय, सर. अभ्यास करायचाय म्हणते."

सरांनी दाराशी ठेवलेल्या तुझ्या बुटांकडे बघितलं. सकाळच्या सरावाची माती त्यांवर अजून ओली होती. "एकदा विचारून बघा," म्हणाले. मी म्हणाले, विचारलंय. आणि वर हेही म्हणाले की परीक्षा होईपर्यंत तिच्यापुढे विषय काढू नका. त्यांनी तो शब्द पाळला. चहा मात्र अर्धाच प्यायले, आणि त्यानंतर आपल्या घरी कधी आले नाहीत.

रात्री जेवताना तू विचारलंस, "यादी लागली का गं?" मी आमटी वाढता वाढता म्हणाले, "लागली म्हणे. या वर्षी नाही आलं तुझं." तू दोन घास खाल्लेस, ताट घासून ठेवलंस. दुसऱ्या दिवशी बघते तर तुझे नी-कॅप माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे कोंबलेले. रडली असतीस तर कदाचित मी खरं बोलले असते. कदाचित. खात्री देत नाही.

तुला आठवतं का, त्याच वर्षी शाळेच्या मैदानावर तू एकटी उरली होतीस? तुकडीतल्या बाकीच्या दोघी बाद झाल्या होत्या. मी भाजीची पिशवी घेऊन कुंपणाबाहेर उभी. समोरची मुलगी तुझ्या पाठी लागली, तुझी वेणी तिच्या हातापासून वीतभर. एकेरी साखळी धरून तू रांगेत बसलेल्या एकेका मुलीला वळसा घालत नागमोडी जात होतीस, आणि खांबाजवळ येताच डावा खांदा असा काही पुढे टाकलास की तिला वाटलं तू खांब ओलांडणार. ती खांबापलीकडे निघून गेली, तू जागच्या जागी वळलीस. पाठलाग करणारीला एकदा घेतलेली दिशा खांब गाठल्याशिवाय सोडता येत नाही. तुला सगळं मैदान मोकळं. शिट्टी होईपर्यंत तू सापडली नाहीस. गुडघ्याला फक्की आणि रक्त एकत्र लागून गुलाबी झालेलं. मैदानाबाहेर येऊन आधी पाणी नाही मागितलंस, "किती मिनिटं झाली?" असं विचारलंस.

ती हुलकावणी तुला सरांनी नव्हती शिकवली. ती माझी होती. तू सहावीत असताना आपल्या अंगणात, तुळशीवृंदावनाला खांब समजून मी दाखवली होती.

मी १९८७ पर्यंत खेळले. मग एके दिवशी आप्पा ओसरीवरून म्हणाले, "उद्यापास्नं मैदान बंद. मुलीच्या जातीला गुडघे फोडून घेऊन कुठं जायचंय?" मी दोन दिवस जेवले नाही. मनात ठरवलं होतं, मला मुलगी झाली तर असं करायचं नाही. आणि काय केलं? आप्पांनी निदान तोंडावर सांगितलं. मला रागवायला माणूस तरी होता. तुझा तो हक्कही मी काढून घेतला, तू स्वतःवरच नाराज होऊन बसलीस.

का केलं, हे मी अनेकदा उलटसुलट करून बघितलंय. दहावी होती, हे खरं. दहा दिवस परगावी पाठवायची भीती होती, तुझी मोठी आत्या कानाशी लागली होती, हेही खरं. पण एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सर "पहिलं नाव" म्हणाले तेव्हा मला आनंदाच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. पोटात खड्डा पडतो तसं. मला जे मिळालं नाही ते हिला इतक्या सहज? हेवा म्हणायचा तर म्हण. आईला मुलीचा हेवा वाटू नये, मला वाटला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत आपल्या खो-खोच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवलं. कप्तान उस्मानाबादची सारिका काळे. तुझी पूर्वपरीक्षा झाली होती, तू सरावाचे पेपर सोडवत होतीस. वर्तमानपत्राचं ते पान मी काढून पिठाच्या डब्याखाली अंथरलं. पुढे २०२० मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तूच मला ती बातमी पाठवलीस. मी अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं.

निकालाला ९१ टक्के पडले. पेढे वाटताना मी चार लोकांत म्हणाले, "खेळ सोडला म्हणून जमलं." तू काही बोलली नाहीस.

तू शिबिराला गेली असतीस तर दिल्लीच्या त्या संघात असतीस, असं मी म्हणत नाही. कदाचित पहिल्याच दिवशी परत आली असतीस. गुडघा गेला असता, कंटाळली असतीस. आत्ता तुझी नोकरी आहे, छान चाललंय, ते काही वाया गेलेलं आयुष्य नव्हे. पण "मी त्या लेव्हलची नव्हते" हे वाक्य तू ऑफिसातल्या बढतीच्या वेळीही म्हणालीस, मागच्या वर्षी, तेव्हा माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. ते वाक्य तुझं नाही. ते मी आमटीबरोबर वाढलेलं आहे.

बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. लगेच फोन नाही केलास तरी चालेल.

संमतीपत्राचा कागद शिवणाच्या मशीनच्या खणात होता, तो सोबत ठेवला आहे. सर निवृत्त झालेत, पण संध्याकाळी साडेपाचला मैदानावर असतातच, फक्कीच्या रेषा अजून स्वतः मारतात. दिवाळीला आलीस की जाऊन ये. एकटी जा. मी बरोबर असले तर ते मोकळं बोलणार नाहीत.

तुझी,
आई