गोष्टींच्या पुस्तकांना कुलूप कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या देवगड तालुक्यातल्या एका शाळेनं गेल्या महिन्यात भुताखेतांची आणि चोर-दरोडेखोरांची पुस्तकं वाचनपेटीतून काढून कपाटात कुलूपबंद केली. अशानं मुलं बिघडतात, असं पालकसभेत ठरलं म्हणे. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. मला हे पटत नाही.

ही भीती फार जुनी आहे. आयर्लंडात १६९५ च्या कायद्यानं कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी झाली, तेव्हा मास्तर कुंपणाच्या आडोशाला, नाहीतर एखाद्या गोठ्यात पोरं जमवून शिकवू लागले. 'हेज स्कूल' म्हणजे कुंपणाची शाळा, हे नाव त्यावरूनच पडलं. सगळ्यांना एकच क्रमिक पुस्तक कुठलं मिळायला? ज्याच्या घरी जे असेल ते तो आणायचा. घरी असायची फेरीवाल्याकडून स्वस्तात घेतलेली पातळ पुस्तकं. रेनार्ड कोल्ह्याच्या लबाड्या, रॉबिन्सन क्रूसो, 'रॅपरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लुटारूंच्या कथा. किलकेनीकडच्या जेम्स फ्रेनी नावाच्या वाटमाऱ्यानं १७५४ मध्ये आत्मचरित्र छापलं, तेसुद्धा पोरं धड्यासारखं वाचत. पुढे १८२५ च्या सरकारी चौकशी अहवालात शाळांमध्ये सापडलेल्या पुस्तकांची यादी आली आणि शिकलेल्या मंडळींनी नाकं मुरडली. पण गरिबांची मुलं वाचायला शिकली ती याच पुस्तकांवर!

डब्लिनमध्ये १८११ साली स्थापन झालेल्या किल्डेअर प्लेस सोसायटीनं मात्र निव्वळ नावं ठेवली नाहीत. प्रवासाची, प्राण्यांची स्वस्त पुस्तकं तिनं स्वतः छापून गावोगाव पोचवली. नको वाटणाऱ्या पुस्तकाशेजारी दुसरं चांगलं पुस्तक ठेवायचं, ही रीत मला आवडते.

माझं पहिलं पुस्तक बाबांनी कुणकेश्वरच्या जत्रेत घेतलेली वेताळपंचविशी. पिवळा कागद, गंजलेली पिन, मुखपृष्ठावर खाज्याच्या गुळाचा डाग. तीच प्रत मी पुढे वर्गात ठेवली. चौथीत एक मुलगा होता, खारवी घरातला. पाठ्यपुस्तक समोर आलं की मान खाली. एका दुपारी तो वेताळ घेऊन कोपऱ्यात बसला. ओळीखाली बोट. 'स्मशान'पाशी अडला. 'सम… समशा…' करत मागे गेला, पुन्हा आला आणि त्यानं ते जोडाक्षर फोडलं. घंटा झाली तरी उठेना. मला म्हणाला, "बाई, मगे काय झाला?" मी सांगितलं नाही. पुस्तक घरी दिलं.

शाळा व्यवस्थापन समितीला माझी हात जोडून विनंती आहे, की ती पुस्तकं परत पेटीत ठेवा. नवी आणायला पैसे कमी पडत असतील तर माझ्या पेन्शनीतून मी देते. पण निवडायला मुलांना सोबत न्या.

— एक निवृत्त शिक्षिका, देवगड तालुका