सहाव्या दिवशी घरी दिवा लावून ठेवा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा मिळाला. आमच्या दोघांची नावं लागली. बाबा, शेतकरी दाखला नसताना कोकणात जागा कशी मिळेल, असं तुम्ही विचारलं होतंत. घर गावठाणात आहे, शेतजमीन नाही, म्हणून तो प्रश्नच आला नाही. गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या अलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटं.

भिंती जांभ्या चिऱ्यांच्या आहेत. पडवीच्या कोपऱ्यात गिलावा सुटलाय, तिथे चिऱ्यावर टिकावाचे तिरके घाव अजून दिसतात. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, वारा लागला की घट्ट होत जातो. त्या घावांवरून मी किती वेळ हात फिरवत बसले होते! मे महिन्यात शाकारणी केली, वाळवीने खाल्लेले 11 वासे बदलले. पावसाळ्यात माजघरात एकाच जागी गळलं. आई, तिथे तुझं पितळी पातेलं ठेवलं होतं.

आता दुसरी बातमी, आणि आई, रागावू नकोस. दिवाळीनंतर मी आणि तुमचे जावई सायकलने निघतोय, अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, मग किनाऱ्याने खाली. रोज 40-45 किलोमीटर, अंधाराआधी मुक्काम. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, या खाड्या फेरीबोटीतून, सायकलींसकट. दमवणार ते चढ. खाडीपाशी रस्ता उतरतो की पलीकडे पुन्हा चढण उभीच. हर्णैचा मासळीचा लिलाव मात्र निवांत बघणार आहे.

बाबा, तुम्ही जन्मभर डोंबिवलीहून लोकल धरलीत, आणि कोकणात आपण कायम दुसऱ्यांच्या घरी मे महिन्याचे पाहुणे. ज्या किनाऱ्यावर घर घेतलं, तो एकदा आपल्या पायांनी पार केल्याशिवाय मला स्वतःला तिथली म्हणवत नाही.

सहाव्या दिवशी वाटेत आपलंच घर लागतं. तुम्ही आदल्या दिवशी दिवा–सावंतवाडी गाडीने चिपळूणला उतरा, पुढे रिक्षा सांगून ठेवते. ओट्याच्या पायऱ्या उंच आहेत, आईच्या गुडघ्यांसाठी कठडा करून घेतलाय. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

आई, धोपाव्याला उतरलो की फोन करते, तेव्हा गुरगुट्या भात टाक. मेतकूट मी आणलंय, डावीकडच्या फडताळात आहे.

तुमची लेक