सोमवार, दुपारी तीन ते पाच

संपादक महोदय,

आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, किती वर्षांची ठरली होती, एवढंच मला पाहायचं होतं. म्हणून जूनमधल्या एका सोमवारी दुपारी तीन वाजता इथल्या कार्यालयात गेलो. ही वेळ मी मनाने ठरवलेली नाही. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, पाहू द्यावेत, असा सामान्य प्रशासन विभागाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती.

बांधकामच्या टेबलावर पहिला प्रश्न आला, 'कसला सोमवार?' मोबाइलवर आदेश दाखवला, तर म्हणे साहेब मीटिंगला गेलेत, तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाका. आता गंमत बघा, अर्जच टाकावे लागू नयेत म्हणून तर ही सोय! समोर बसून संचिका चाळता आली की अर्ज, तीस दिवसांची वाट, पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडचं दुसरं, हा सगळा फेरा वाचतो. माझाही आणि त्यांचाही. अर्जांच्या ढिगाबद्दल कुरकुरणाऱ्या कार्यालयांनीच खरं तर सोमवारची वाट पाहायला हवी.

टाकला अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे विषय एकच हवा आणि शब्द दीडशेच्या आत. इतक्या थोडक्यात नेमकी संचिका मागायची तर तिचं नाव आणि क्रमांक आधी ठाऊक हवेत. ते कळावेत म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने अभिलेखांची सूची करायला सांगितली आहे, तीही २००५ पासून. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'सदर संचिका आढळून येत नाही.' परवानगीशिवाय अभिलेख नष्ट केला तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे 'नष्ट केली' असं कुणी लिहीत नाही, संचिका नुसती 'आढळून येत नाही'.

तिथल्या लिपिकाने मग मला अभिलेख कक्षच दाखवला. लोखंडी कपाटांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. एकावर खडूने '१८-१९' लिहिलेलं, बाकीचे कोरे. खाली निवडणुकीचे पुठ्ठ्याचे खोके आणि एक मोडका पंखा. तो म्हणाला, "गुरुजी, मलाच सापडत नाही, तुम्हाला कुठून दाखवू?" त्याच्यावर रागवावंसं वाटेना. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांच्या संग्रहात, अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि त्या रुमालांना क्रमांक आहेत. आमच्याकडे कालपरवाच्या रस्त्याच्या गठ्ठ्याला साधी चिठ्ठी नाही.

प्रत्येक शाखेने आपल्या संचिकांची क्रमांकवार यादी करून सोमवारी टेबलावर ठेवावी. बसायला एक खुर्ची द्यावी. आणि ३ ते ५ ची वेळ दर्शनी फलकावर रंगवावी, म्हणजे 'कसला सोमवार' हा प्रश्न तरी मिटेल. याला फारसा निधी लागत नाही.

पहिलं अपील दाखल केलं आहे. येत्या सोमवारीही तीन वाजता जाणार आहे, या वेळी गल्लीतल्या आणखी चौघांना घेऊन.

– एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा