सात धन्यांचा चाकर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. प्रशिक्षकबुवांनी पडद्यावर तलवारधारी सामुराई झळकावून ‘अशी निष्ठा पाहिजे’ म्हणून तासभर झोडपलं, आणि तू मागच्या रांगेत बसून दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरत होतास! वर मलाच विचारतोस, ‘तू जपानच्या इतिहासात डोकं घालून बसलेला असतोस, खरंच होते का रे ते एवढे एकनिष्ठ?’ आता ऐकच. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

एकाच माणसाचं सांगतो. तोदो ताकातोरा. जन्म १५५६चा, बिवा सरोवराकाठच्या ओमी प्रांतातला. घराणं नावाला सामुराई, बाकी मोडकळीला आलेलं. जपानात तेव्हा यादवी माजून जवळपास शंभर वर्षं झालेली. क्योतोत सम्राट होता, शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीशही होता, पण ज्याच्या हाती गढी तो राजा. असल्या काळात अंगापिंडाने दणकट पोराला काम मिळायला वेळ लागत नाही, आणि ताकातोरा तर सहा फुटांच्याही वर होता म्हणतात. पहिली चाकरी ओमीतल्याच आझाई नागामासा या सरदाराची. १५७०मध्ये आनेगावा नदीवर ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इयेयासु या बलाढ्य सरदारांशी लढाई झाली, तीत हा हरणाऱ्या बाजूला होता. मिसरूडही फुटलं नसेल. पुढे एका सहकाऱ्याशी भांडण झालं, त्याला कापलं आणि स्वारी पळाली.

मग धनी आत्सुजी, मग इसोनो, मग नोबुनागाचा पुतण्या नोबुझुमी. नोबुझुमीकडे ऐंशी कोकू मिळायचे. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट. पण ऐंशी माणसांचं अन्न एकट्याच्या घरात येतं असं समजू नकोस. तेवढ्यातच आपली माणसं पोसायची, घोडा ठेवायचा, हत्यारं बाळगायची आणि धन्याचं बोलावणं आलं की ठरलेल्या संख्येने हजर व्हायचं. लढाईत पहिला भाला कोणी मारला, कोणाचं शीर आणलं, याची तपासणी व्हायची. धनी खूश झाला तर शाबासकीचं पत्र द्यायचा. ती पत्रं चाकर जिवापाड जपायचे, कारण उद्या दुसऱ्या दारात उभं राहायचं तर पदरात तीच. नोबुझुमीने पराक्रमाची कदर केली नाही, पगार वाढवला नाही. ताकातोरा निघाला. त्याला त्या काळी कोणी नमकहराम म्हटलं नाही. जो धनी चाकराची कदर करत नाही, त्याच्याकडे चाकर राहत नाही, हे धन्यांनाही ठाऊक होतं.

बिनधन्याच्या दिवसांतली एक कथा आहे. मिकावातल्या योशिदा या टप्प्याच्या गावी भुकेने व्याकूळ होऊन त्याने दुकानात बसून पोटभर मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, खाल्ले आणि मग कबूल केलं की पैसे नाहीत. दुकानदाराने रागावण्याऐवजी वाटखर्च दिला आणि ‘आईबापांना भेटून ये’ म्हणाला. कथेत तेल-मीठ बरंच असणार, पण ताकातोराच्या निशाणावर तीन पांढरे गोल होते हे खरं, आणि ते मोचीच, असं सांगतात.

१५७६मध्ये तो हिदेयोशीचा (नोबुनागाचा सरदार, पुढे साऱ्या जपानचा सत्ताधीश) भाऊ हिदेनागा याच्याकडे आला, तीनशे कोकूंवर. इथे मात्र पाय रोवले. हिदेनागा शांत, हिशेबी, माणूस ओळखणारा. त्याच्या हाताखाली ताकातोरा भाल्यावरून दगड-चुन्यावर आला. किल्ला कुठे बांधायचा, खंदक किती रुंद ठेवायचा, लाकूड आणि मजूर कुठून आणायचे, हे तो इथे शिकला. पगार वाढत वाढत वीस हजारांवर गेला. आता बघ हं. १५९१मध्ये हिदेनागा वारला तेव्हा याला कुठेही जागा मिळाली असती, पण हा वारस पोराजवळ राहिला. १५९५मध्ये तो तरुण वारसही गेला, तेव्हा ताकातोरा सगळं सोडून बौद्ध मठांच्या कोया पर्वतावर गेला आणि भिक्षू झाला. चार दरवाजे मागे टाकून आलेला माणूस! त्याला निष्ठा कळत नव्हती असं कोण म्हणेल? ती कोणाला द्यायची हे तो ठरवत होता, एवढंच. शेवटी हिदेयोशीने निरोप धाडून त्याला पर्वतावरून खाली आणलं आणि इयो प्रांतात सत्तर हजार कोकूंचा मुलूख दिला.

हिदेयोशी १५९८मध्ये गेला आणि याने पुढची दिशा आधीच हेरली होती. सेकिगाहाराच्या लढाईत, १६००मध्ये, तो इयेयासुच्या बाजूने लढला, आणि तीच बाजू जिंकली. बक्षीस म्हणून इमाबारीचा मुलूख मिळाला. तिथला त्याचा किल्ला मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याच्या खंदकात समुद्राचं पाणी आहे. भरती-ओहोटीबरोबर पाणी चढतं-उतरतं आणि खंदकात खाऱ्या पाण्यातले मासे फिरतात.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहीत होतो तो माणूस येतो. वातानाबे कानबेई. भाल्यात नावाजलेला, तोही दारोदार चाकरी केलेला, आणि गंमत म्हणजे कधीकाळी त्याच आत्सुजीकडेही होता. सेकिगाहारानंतर त्याचा धनी माशिता नागामोरी पराभूत बाजूला सापडला. जिंकणारे कोरियामाचा किल्ला ताब्यात घ्यायला आले तर कानबेई दाराशी उभा: ‘धन्याचा हुकूम आणा, मग किल्ला.’ धनी हरला होता, मुलूख जाणार होता, तरी हा अडून बसला. अखेर माशिताचं पत्र आलं, तेव्हाच किल्ला सोडला. घ्यायला आलेल्यांत ताकातोरा होता. त्याने या हट्टी माणसाला वीस हजार कोकूंवर ठेवून घेतलं. वीस हजार! दहा हजारांवर माणूस डाइम्यो, म्हणजे मांडलिक राजा म्हणवतो. इथे ते चाकराचं वेतन. इमाबारीच्या किल्ल्याचं बांधकामही कानबेईच्या देखरेखीखाली झालं.

पंधरा वर्षं बरी गेली. मग १६१५मध्ये ओसाकाची मोहीम, हिदेयोशीच्या मुलाविरुद्ध इयेयासुने काढलेली. ताकातोरा इयेयासुकडून. याओ गावाजवळ ओसाकाच्या बाजूच्या चोसोकाबे मोरिचिकाची माणसं नदीच्या बांधाआड दबा धरून बसली होती. तोदोंची आघाडी त्यांच्यावर जाऊन आदळली आणि कापली गेली. ताकातोराच्या घरातली माणसं पडली. कुवाना याजिबेईही पडला. तो मूळचा चोसोकाबेंचाच चाकर. त्यांचं राज्य बुडाल्यावर पोटासाठी तोदोंकडे आलेला, आणि त्या दिवशी जुन्या धन्याच्या माणसांसमोर भाला घेऊन उभा. त्याने मरण अंगावर ओढवून घेतलं असं म्हणतात. मला ते पटतं. इतक्या धामधुमीत त्याच्याबद्दल दोन ओळीच लिहिलेल्या असतात, आणि मी दर वेळी तिथेच थांबतो.

कानबेई मात्र मागे हटेना. ‘परत फिर’ असे ताकातोराचे निरोप येत राहिले, आणि हा शत्रूच्या पाठीवर. त्याच्या लेखी जिंकत आलेली लढाई सोडणं मूर्खपणा. ताकातोराच्या लेखी घरचे मृतदेह पडलेले असताना हुकूम मोडणं अक्षम्य. दोघांचं वाजलं आणि कानबेईने चाकरी सोडली.

इथे ताकातोराने काय केलं? सगळ्या दरबारांना कळवलं की या माणसाला कोणी ठेवू नये. याला म्हणतात चाकरीबंदी. ज्या माणसाने स्वतः सात धनी बदलले, ‘सात वेळा धनी बदलल्याशिवाय माणूस सामुराई म्हणवत नाही’ हे वाक्यही ज्याच्या नावावर खपवतात, त्याने! माझं मन इथे त्याच्यावरून उतरतं. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, १६३०मध्ये तो वारला, आणि अंग धुताना त्यावर जखमांना जागा उरली नव्हती, बोटंही तुटलेली होती, असं वर्णन येतं. तो काही मखमलीवर लोळलेला नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही.

आणि काळही बदलला होता. ओसाका पडलं, लढाया संपल्या, भाल्याची मागणी संपली. बाजारात एकच गिऱ्हाईक उरलं, इयेयासुचं तोकुगावा घराणं, आणि बाकीचे सगळे त्याचे मांडलिक. आता धनी सोडणं म्हणजे रोनिन, बिनधन्याचा सामुराई, होऊन रस्त्यावर येणं. तुमच्या प्रशिक्षकबुवांचा तो एकाच धन्यासाठी जगणारा-मरणारा सामुराई बराचसा या शांततेच्या काळात घडवलेला आहे, ज्यांनी उभ्या आयुष्यात लढाई पाहिली नव्हती त्यांनी.

कानबेई क्योतोत बिनचाकरीचा जगला. ताकातोरा गेल्यावरही बंदी उठली नाही. १६४०मध्ये तो तिथेच वारला.

तेव्हा अर्ज खुशाल भर, पण नव्या कंपनीच्या करारात ‘सोडल्यावर अमुक वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही’ असं कलम आहे का, ते सहीआधी नीट वाच. कळत नसेल तर मला पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
(अक्षरावरून ओळखशीलच)