दप्तराआधी कपाट तपासा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

देशात कुठे शाळेत गोळी सुटली की शाळांच्या फाटकावर मेटल डिटेक्टर लावण्याची मागणी होते. आम्ही नेमबाजीचे प्रशिक्षक आणि शस्त्र परवानाधारक आहोत. आमचे मत असे, की फाटकापर्यंत बंदूक आली म्हणजे उशीर झालेलाच असतो. २००७ मध्ये गुरुग्रामला आठवीतल्या मुलाने वर्गमित्राला मारले ते वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने. २०१८ मध्ये यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर झाडलेले रिव्हॉल्व्हरही वडिलांचे, परवान्याचेच.

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो तो परवाना, आणि परवान्याला अटी घालता येतात. कलम १७ प्रमाणे परवाना प्राधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त, नियमांनी आधीच ठरवून दिलेल्या अटी सोडून बाकीच्या बदलू शकतो. दिल्लीकडे बघत बसण्याची गरज नाही.

अर्जदार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी कागदावर देतोच. ते कुठे ठेवले आहे, हे बघायला मात्र सहसा कोणी जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी बघण्याची संधीही लांबली. कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली, पलंगाच्या बॉक्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवलेले शस्त्र घरातल्या मुलाला ठाऊक असतेच. किल्ली कुठल्या डब्यात असते, हेही.

म्हणून अट स्पष्ट शब्दांत लिहावी. किमान दोन मिलिमीटर पत्र्याची तिजोरी, आतून बोल्टने भिंतीला आवळलेली. काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ली वेगळी. शस्त्र रिकामे करूनच आत ठेवायचे, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. पिस्तुलाचे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढले की ते रिकामे झाले असे अनेकांना वाटते, पण चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यातली, गोळी तशीच राहते. काही जण आधी स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) ओढतात आणि मग मॅगझिन काढतात. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये शिरते. क्रम असा : नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबर डोळ्यांनी बघायचे आणि बोटाने चाचपायचे. मग मॅगझिनच्या रिकाम्या खाचेतून केबल लॉक (तारेचे कुलूप) घालायचे. ट्रिगर लॉक (ट्रिगरवर बसणारे कुलूप) भरलेल्या शस्त्रावर कधीही लावू नये. लावताना ट्रिगर दाबला जाऊ शकतो.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी असलेल्या ठासणीच्या बंदुकीचा प्रश्न वेगळा आहे. एकदा दारू-छर्रा ठासला की ती सहज रिकामी होत नाही. रानडुकरांच्या वाटेवर बसून परतलेला शेतकरी ती तशीच खुंटीला लावतो. तिथे पत्र्याच्या तिजोरीची सक्ती निरुपयोगी ठरेल. बंदूक ठासलेली घरात आणायची नाही, आणि टोप्या (दारू पेटवणाऱ्या छोट्या स्फोटक टोप्या) व दारू कुलपात, एवढी अट पुरेशी आहे. ती पाळली जाते की नाही, हे बीट अंमलदार दहा मिनिटांत बघू शकतो.

तपासणीत काडतुसेही मोजावीत. खरेदीची नोंद परवान्यावर असते. ती, शिल्लक काडतुसे आणि झाडलेल्यांची रिकामी टरफले यांचा मेळ बसला पाहिजे. एक काडतूस नाहीसे झाले तर घरातल्यांच्या लक्षातही येत नाही.

गावठी कट्ट्यांवर यातले काहीच चालणार नाही, हे मान्य. चोपड्याच्या सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या ठिकाणांहून येणारा माल रोखणे हे पोलिसांचे वेगळे काम आहे. २०२५ मध्ये उत्तराखंडमधल्या काशीपूरला नववीच्या मुलाने शिक्षकावर झाडायला जेवणाच्या डब्यातून आणला तो कट्टाच होता.

शाळांसाठी एकच पण नेमकी सूचना हवी. अमेरिकेत मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी एका मुलाने काढलेल्या चित्रावरून संशय आला, पालकांना बोलावले गेले, पण दप्तर कोणी उघडले नाही. मुलगा दप्तरासह वर्गात परतला आणि पुढे चार विद्यार्थी मेले. पुढे त्याच्या आईवडिलांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून संशय आला की मुलाला शिक्षकाने सोबत घेऊन, दप्तराविना, कार्यालयात न्यावे. दप्तर वर्गातच राहू द्यावे, वर्ग दुसऱ्या खोलीत हलवावा, ११२ ला फोन करावा. शस्त्र दिसले तरी उचलू नये, रिकामे करायला तर मुळीच जाऊ नये.

बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले. कॅमेरा गोळी सुटल्यानंतरचे चित्र देतो. त्यामुळे पुढचे परिपत्रक शिक्षण विभागाआधी गृहविभागाने काढावे : प्रत्येक नव्या परवान्याआधी आणि नूतनीकरणाआधी घरी जाऊन तिजोरीची पाहणी, मधल्या काळात वर्षातून एकदा अचानक भेट, आणि शस्त्र उघड्यावर सापडल्यास कलम १७ खाली परवाना निलंबित. परवान्याची अट मोडल्याबद्दल कलम ३० मध्ये असलेल्या दोन हजारांच्या दंडाला कोणी भीत नाही. शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागेल, याला भितात.

आपले,
राज्यातील काही नेमबाजी प्रशिक्षक व शस्त्र परवानाधारक